शत्रूशी बोलण्याची वाट

राष्ट्रांच्या सामर्थ्याचा विचार करताना आपण शस्त्रांची मोजदाद करतो. निरोप पोहोचण्यास किती वेळ लागतो, हे मात्र पाहत नाही. मला हा प्रश्न मूलभूत वाटतो.

ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबातील सोव्हिएत क्षेपणास्त्रांमुळे अणुयुद्ध उंबरठ्याशी आले होते. २६ तारखेला ख्रुश्चेव्ह यांनी मॉस्कोतील अमेरिकन वकिलातीकडे दिलेले पत्र वॉशिंग्टनला पूर्णपणे पोहोचण्यास सुमारे १२ तास लागले. दुसऱ्याच दिवशी अधिक कठोर अटींचे पत्र मॉस्को रेडिओने प्रसृत केले. उत्तर कोणत्या पत्राला द्यावे, असा पेच केनेडींपुढे पडला.

या अनुभवातून २० जून १९६३ रोजी जिनिव्हा येथे थेट दुव्याचा करार झाला. तो दूरध्वनी नव्हे, टेलिप्रिंटर होता. बोलण्याच्या घाईत शब्द निसटतो, दुभाषाही चुकतो. लिखित मजकूर तोलून पाहता येतो. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात तो दुवा उपयोगी पडला.

थॉमस शेलिंग या अभ्यासकाने १९६० मध्येच दाखविले होते की, धाक हाही एक संवादच असतो. प्रतिपक्षाला न उमगलेला धाक युद्ध टाळू शकत नाही. म्हणूनच, वैर जितके तीव्र, तितकी बोलण्याची वाट अधिक जपावी लागते, असे मी मानतो.