घासलेली वायर आणि कंपनीचे बोलावणे

विकून झालेल्या मोटारीच्या बनावटीतच खोट असल्याचे लक्षात आले की कंपनी त्या तुकडीतल्या सगळ्या गाड्या वर्कशॉपमध्ये बोलावते आणि सदोष भाग फुकट दुरुस्त करते किंवा बदलून देते. यालाच रिकॉल म्हणतात. गाडी कायमची परत द्यायची नसते, तपासून घ्यायची असते. ब्रेक, एअरबॅग, स्टीअरिंग अशा अनेक कारणांनी रिकॉल होतात. पण विजेमुळे आग लागण्याचा धोका त्यांत वेगळा पडतो. ब्रेकची खोट गाडी चालताना उघडी पडते, वायरिंगची खोट चावी काढून उभ्या केलेल्या गाडीतही पेट घेऊ शकते.

बारा व्होल्टच्या बॅटरीचा झटका बसत नाही, म्हणून तिला कोणी घाबरत नाही. प्रत्यक्षात इंजिन सुरू करताना हीच बॅटरी शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह देते. तिच्यापासून निघालेल्या वायरी एकत्र गुंडाळून बॉनेटखालून, डॅशबोर्डमागून आणि गालिच्याखालून नेलेल्या असतात. हा जुडगा म्हणजे हार्नेस. तो एखाद्या पत्र्याच्या कडेला टेकला तर इंजिनाच्या थरथरीने वरचे प्लास्टिक महिनोन्‌महिने घासत राहते. तांबे उघडे पडून पत्र्याला लागले की शॉर्ट होतो. त्या वाटेवर योग्य फ्यूज असेल तर तो उडतो आणि गोष्ट तिथेच संपते. फ्यूज नसेल, किंवा दहा अँपिअरच्या जागी तीसचा बसवलेला असेल, तर फ्यूजऐवजी वायरच तापते. ढिला जोड याहून फसवा असतो. तिथे प्रवाह मर्यादेतच राहतो, त्यामुळे फ्यूज उडत नाही. पण जोडाच्या जागी उष्णता साठत जाते.

महाराष्ट्रात बनलेल्या गाडीचे ठळक उदाहरण ऑगस्ट २०२३मधले आहे. महिंद्राने चाकणच्या कारखान्यातल्या १,०८,३०६ एक्सयूव्ही ७०० गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. ८ जून २०२१ ते २८ जून २०२३ या काळात बनलेल्या या गाड्यांच्या इंजिनकक्षात हार्नेस ज्या मार्गाने नेला होता, तिथे तो घासून कापला जाण्याची शक्यता होती. त्याआधी मे महिन्यात जयपूरकडच्या महामार्गावर याच मॉडेलची एक गाडी पेटल्याची चित्रफीत देशभर फिरली होती. त्या गाडीत बाहेरून शोभेचे दिवे बसवताना मूळ वायरिंगला हात लावला गेला होता, असे कंपनीने तेव्हा सांगितले. ते खरे धरले तरी कारखान्याचे वायरिंग तपासण्याची गरज संपत नाही, हे पुढच्या रिकॉलने दाखवलेच.

मारुतीने सप्टेंबर २०२१मध्ये सियाझ, एर्टिगा, ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६ या मॉडेलांच्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिटसाठी बोलावल्या. भाग बदलेपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नये आणि विजेच्या भागांवर थेट पाण्याचा फवारा मारू नये, अशी सूचनाही दिली. प्रेशर पंपाने बॉनेट धुऊन देणाऱ्या आपल्याकडच्या वॉशिंग सेंटरांवर ही सूचना लावायला हवी.

आज कंपन्या असे आकडे जाहीर करतात, पण नेहमीच तसे नव्हते. मार्च २०१०मध्ये मुंबईत मुलुंडला नवीकोरी नॅनो शोरूममधून घरी नेताना पेटली. त्याआधीही काही नॅनोंमधून धूर निघाला होता. नोव्हेंबरमध्ये टाटा मोटर्सने विकलेल्या सत्तर हजारांहून अधिक नॅनोंच्या एक्झॉस्ट आणि विद्युत यंत्रणेला जादा संरक्षण फुकट बसवून देऊ केले, मात्र हा रिकॉल नाही असा आग्रह धरला. तेव्हा देशात रिकॉलचे कोणतेच बंधन नव्हते. वाहन उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेची आचारसंहिता जुलै २०१२मध्ये आली, तीही ऐच्छिक. अमेरिकेत असा कायदा १९६६पासून आहे.

भारतात बंधन आले ते २०१९च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यातल्या कलम ११०-अ मुळे. त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१पासून लागू आहेत. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या वाहनांबाबत मालकांच्या तक्रारी ठरलेल्या संख्येपर्यंत पोहोचल्या की केंद्र सरकार चौकशी करून सक्तीचा रिकॉल लावू शकते. दंड १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत. कंपनीने खोट स्वतः ओळखून सरकारला कळवली आणि गाड्या बोलावल्या, तर हा दंड टळतो. त्यामुळे बातम्यांत दिसणारे बहुतेक रिकॉल ‘स्वेच्छेने’ केलेले असतात.

विजेवरच्या वाहनांत दुखणे वेगळे आहे. लिथियम बॅटरीतला एक सेल बिघडून तापला की शेजारचे सेल एकामागून एक पेटत जातात आणि पाणी मारूनही आग लवकर आटोक्यात येत नाही. मार्च २०२२मध्ये पुण्यात लोहगावला ओलाची स्कूटर पेटली. एप्रिलमध्ये कंपनीने त्या तुकडीतल्या १,४४१ स्कूटर तपासायला बोलावल्या. त्याच महिन्यात ओकिनावाने ३,२१५ स्कूटर बोलावल्या. त्या वर्षीच्या डिसेंबरपासून बॅटरी चाचणीचे नियम टप्प्याटप्प्याने कडक झाले.

बीडसारख्या जिल्ह्यात खरी अडचण कायद्याच्या पुढे सुरू होते. कंपनी निरोप पाठवते तो तिच्या वहीतल्या मालकाला. गाडी पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरला विकली गेलेली असते, मग दुसऱ्या-तिसऱ्या हाताने केज, धारूर, शिरूर कासारला येते. व्यवहार कधी नोटरीच्या कागदावर उरकतो आणि आरसीवर जुनेच नाव राहते. मोबाइल नंबर तर बदललेलाच असतो. अधिकृत वर्कशॉप तालुक्याला असेलच असे नाही. एका दिवसाच्या तपासणीसाठी जिल्हा ओलांडायचा म्हणजे डिझेल आणि बुडालेली भाडी दोन्ही मालकाच्या अंगावर. त्यामुळे गाडी गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडेच जाते. तो कुशल असतो, पण कंपनीने कोणता भाग बदलायला सांगितला आहे याची यादी त्याच्याकडे नसते.

शिवाय नवी भर पडत असते. कारखान्याच्या साध्या हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. शंभर वॅटचा लावला की तो आठच्या पुढे जातो, वायर मात्र तीच. फॉग लॅम्प, प्रेशर हॉर्न, अँप्लिफायर यांना रिले न लावता बॅटरीवरून डायरेक्ट जोड दिला की फ्यूजचे संरक्षणही जाते. कडब्याच्या गंजीशेजारी गाडी उभी असेल तर उंदीर बॉनेटखाली येतात, आणि वायर कुरतडल्याचे कळते ते दिवे बंद पडल्यावर किंवा धूर आल्यावर.

आपली गाडी रिकॉलमध्ये आहे का हे पाहायला आरसीवरचा सतरा अक्षर-अंकांचा चेसिस क्रमांक पुरतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकता येतो किंवा कोणत्याही अधिकृत विक्रेत्याला फोनवर सांगता येतो. पहिला मालक नसला तरी दुरुस्ती फुकटच असते. नंतर जॉबकार्डाची प्रत ठेवावी. वायरिंगमधल्या बाहेरच्या फेरफारावर बोट ठेवून विमा कंपनी दाव्याला हरकत घेऊ शकते, तेव्हा तो कागद लागतो. बनावटीच्या खोटीमुळे नुकसान झालेच, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादकाची जबाबदारी वेगळी नोंदवली आहे, आणि तक्रारदार राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात दाद मागता येते. गाडी पुण्यात घेतलेली असली तरी अर्ज बीडमध्ये चालतो.