मासेमारी जहाजांवरील ध्वनिक मत्स्यसर्वेक्षण

मासेमारी जहाजांवरील ध्वनिक मत्स्यसर्वेक्षण ही व्यावसायिक मासेमारी जहाजांवरील प्रतिध्वनीमापकांच्या नोंदींवरून समुद्रातील मत्स्यसाठ्याचा अंदाज बांधण्याची पद्धत आहे. संशोधन जहाजे संख्येने थोडी आणि चालवण्यास खर्चिक असतात. मासेमारी जहाजे मात्र हंगामभर समुद्रात वावरतात. त्यामुळे त्यांच्या नोंदी शास्त्रीय सर्वेक्षणांना पूरक ठरतात.

कार्यपद्धती

प्रतिध्वनीमापक जहाजाच्या तळातून खाली ध्वनिस्पंद सोडतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो. स्पंद परतण्यास लागलेल्या वेळेवरून माशांची खोली, तर प्रतिध्वनीच्या तीव्रतेवरून त्यांचे प्रमाण काढले जाते. यासाठी ३८ किलोहर्ट्झ ही वारंवारता विशेष प्रचलित आहे. वाताशय असलेल्या माशांत बहुतांश प्रतिध्वनी वाताशयातूनच उमटतो. वाताशय नसलेल्या अटलांटिक मॅकरेलचा प्रतिध्वनी क्षीण असतो. माशांची जात व आकार निश्चित करण्यासाठी जाळ्याने नमुने घेतले जातात.

मासे शोधण्यासाठी साधे उपकरण पुरते; मोजणीसाठी मात्र उपकरणाचे अंशशोधन आवश्यक असते. त्याकरिता ज्ञात प्रतिध्वनी देणारा धातूचा वा टंगस्टन कार्बाइडचा गोळा जहाजाखाली टांगतात.

आवश्यकता

थव्याने राहणारे मासे संख्येने घटले तरी उरलेले मासे दाट थवे करतात. परिणामी जहाजांची पकड पूर्वीइतकीच राहते आणि साठ्याची घट पकडीच्या आकड्यांतून उशिरा लक्षात येते. ध्वनिक सर्वेक्षणात थव्यांमधील रिकाम्या पाण्याचीही नोंद होते. मात्र त्यासाठी जहाजाने मासे असोत वा नसोत, पूर्वनियोजित रेषांवरूनच प्रवास करावा लागतो. केवळ मासेमारी चालू असताना घेतलेल्या नोंदींत पकडीच्या आकड्यांचाच दोष उतरतो.

उदाहरणे

पेरू देशात १९६६ मध्ये ‘युरेका’ मोहिमा सुरू झाल्या. त्यांत मासेमारी नौका आखून दिलेल्या रेषांवरून जात व अँचोव्हेटा माशांच्या थव्यांची नोंद करीत. १९७० मध्ये या माशाची पकड १.२ कोटी टनांहून अधिक होती. अतिमासेमारी व १९७२-७३ च्या एल निन्योनंतर ती १९७३ मध्ये २० लाख टनांच्या खाली आली. केवळ मोजणीने साठ्याचे रक्षण होत नाही, हे यातून दिसून आले.

बेरिंग समुद्राच्या पूर्व भागात तळाच्या ट्रॉल सर्वेक्षणासाठी भाड्याने घेतलेल्या मासेमारी जहाजांवरील ३८ किलोहर्ट्झच्या नोंदींवरून अलास्का पोलॉक माशाचा निर्देशांक काढला जातो. संशोधन जहाजाचे ध्वनिक सर्वेक्षण ज्या वर्षी होत नाही, त्या वर्षी तो विशेष उपयोगी पडतो.

मर्यादा

समुद्रतळाला चिकटून असलेले मासे तळाच्या प्रबळ प्रतिध्वनीत झाकले जातात. पृष्ठभागालगतचे मासे उपकरणाच्या कक्षेबाहेर राहतात. खवळलेल्या समुद्रात जहाजाखाली येणाऱ्या हवेच्या बुडबुड्यांमुळे ध्वनी क्षीण होतो, तर इंजिनाच्या आवाजाने काही मासे दूर जातात. त्यामुळे या पद्धतीचे निष्कर्ष सहसा निरपेक्ष संख्येपेक्षा वर्षानुवर्षांची वाढ-घट दर्शविणारा निर्देशांक म्हणून वापरले जातात.