सागवान नाही, मग तुळईला कोणते लाकूड?

बेळगाव-खानापूर भागात जुन्या घराची दुरुस्ती निघाली की सल्ला ठरलेला असतो : ‘तुळया काढा, सागवान घाला.’ सागवानाचा भाव ऐकला की गोष्ट लोखंडी गर्डरवर येते. पण आपल्याकडच्या अनेक जुन्या घरांचे माळे ऐन, किंजळ, नाणा, जांभा अशा जवळच्या रानातल्या लाकडांवरच उभे आहेत. ऐन म्हणजे मत्ती, गोव्याचा राज्यवृक्ष. ऐन आणि जांभा तर सागवानाहून जड आणि कठीण. मात्र वाळताना ही लाकडे जास्त आकसतात, चिरतात. सागवान तेवढा त्रास देत नाही.

म्हणून नाव न पाहता लाकूड पारखावे. पारख दोन पायऱ्यांनी होते.

पहिली पायरी जातीची. ५ × ५ सेंमी जाडीचा, ७५ सेंमी लांबीचा, गाठ नसलेला तुकडा दोन टेकूंवर ठेवून मधोमध हळूहळू भार देतात. तो किती वाकतो आणि कधी मोडतो, याची नोंद होते. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने अशा चाचण्या करून सागवानाला १०० धरले आणि इतर लाकडांना त्या मानाने गुण दिले. भारतीय मानक ८८३ मध्ये बांधकामाच्या लाकडांचे ताकदीनुसार अ, ब, क असे गट आहेत.

दुसरी पायरी प्रत्येक नगाची. एकाच झाडाच्या दोन तुळया सारख्या नसतात. गाठी, चिरा, कीड आणि रेषांचा तिरकेपणा पाहून प्रत ठरते. उत्तम प्रतीत २० सेंमी लांबीत रेष १ सेंमीहून जास्त तिरकी चालत नाही. पहिल्या प्रतीत १५ सेंमीत १, दुसऱ्या प्रतीत १२ सेंमीत १.

ओलावाही मोजावा. तुळईच्या टोकापासून थोडे आत कापलेली चकती वजन करून भट्टीत पूर्ण वाळवा. १२० ग्रॅमची १०० ग्रॅम झाली, तर ओलावा २० टक्के.

वखारीत सालीलगतचा पांढरट भाग असलेले नग बाजूला काढायला सांगा. कीड तिथेच आधी लागते. घरातली जुनी तुळई टाकण्याआधी भिंतीत गेलेल्या टोकांना आरी टोचून पाहा. आरी सहज शिरली, तर टोक कुजले आहे. नाही शिरली, तर भाराचा हिशेब इंजिनिअरकडून करून घ्या. कदाचित आजोबांनी घातलेले लाकूड अजून एक पिढी पेलेल.