गडावरून उतरलेली राजधानी

महाबळेश्वराला किंवा कासच्या पठारावर निघालेली मंडळी साताऱ्यास थांबतात, ती बहुधा कंदी पेढ्यांपुरती. पुडा हाती पडला की गाडी सुटते. जे गाव एकेकाळी छत्रपतींची राजधानी होते, त्या गावाचा निरोप इतक्या घाईने का घ्यावा? एक दिवस साताऱ्यासाठी राखून ठेवा, आणि इतिहास ज्या वाटेने उतरला त्याच वाटेने गाव पाहा : आधी गड, मग पेठा, शेवटी राजवाडा.

गड गावाच्या डोक्यावरच उभा आहे. शिवछत्रपतींनी तो १६७३ मध्ये घेतला. पुढे राजाराममहाराजांनी येथे राजधानी आणली, तेव्हा १६९९ च्या डिसेंबरात खुद्द औरंगजेब पायथ्याशी येऊन बसला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी त्याला चार महिन्यांहून अधिक काळ झुंजवले. १७०० च्या एप्रिलात गड गेला आणि ‘आझमतारा’ झाला. मराठ्यांनी तो परत घेतला, तेव्हा नाव ठेवले ‘अजिंक्यतारा’! एकदा हातचा गेलेल्या गडाला अजिंक्य म्हणायचे, यातच त्या पिढीची जिद्द दिसते.

अठरा वर्षे मोगलांच्या कैदेत काढून आलेल्या शाहूमहाराजांना १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास राज्याभिषेक झाला. त्यांनी राजधानी गडाखाली उतरवली, शाहूनगर वसले. यादोगोपाळ, व्यंकटपुरा, चिमणपुरा ही पेठांची नावे आजही त्या जुन्या शहराची ओळख देतात. १७४९ मध्ये शाहूमहाराज गेले. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, माहुलीस, त्यांची समाधी आहे. तेथे अवश्य जावे. त्यांच्यामागे छत्रपती साताऱ्यात आणि सत्ता पुण्यात, असा व्यवहार सुरू झाला.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. इंग्रजांनी प्रतापसिंहमहाराजांना गादीवर बसवले व शेजारी रेसिडेंट नेमला तो ग्रँट डफ, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा. महाराजांनी रस्ते, पाणी, शाळा यांत लक्ष घातले; पण स्वाभिमानी राजा कंपनीला परवडेना. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीस धाडले. त्यांचे वकील रंगो बापूजी न्याय मागत लंडनमध्ये दहा वर्षांहून अधिक काळ राहिले. महाराज काशीसच वारले. १८४८ मध्ये त्यांचे बंधू शहाजीराजे निवर्तले, आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केले.

शेजारच्या सांगलीचे नशीब निराळे. चिंतामणराव पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले आणि १८०१ मध्ये त्यांनी सांगलीस आपली गादी मांडली. ते संस्थान विलीन झाले १९४८ मध्ये, साताऱ्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी. सांगलीकर गणपतीच्या देवळाकडे बोट दाखवून आपल्या राजधानीची कथा सांगतात. सातारकरांनी काय दाखवावे?

राजवाडा दाखवावा, आणि तेथली शाळाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या सरकारी शाळेत भिवा नावाच्या मुलाचे नाव दाखल झाले. अस्पृश्य म्हणून त्याला इतरांपासून वेगळे बसावे लागे. तोच मुलगा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाला आणि भारताच्या संविधानाचा शिल्पकार ठरला. शाळेला आज प्रतापसिंहमहाराजांचे नाव आहे, आणि तो दिवस २०१७ पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

बरोबर मुले असतील, तर गडाच्या तटाइतकाच वेळ त्यांना या शाळेच्या दारापाशी उभे करा. राज्य कसे राखावे हे गड सांगेल. ते कोणासाठी राखावे, हे येथे कळेल.