खाडी आडवी येते ती कोणाला?

तत्त्वज्ञानाच्या माणसाने सायकलवर काय बोलायचं, असं काहींना वाटलं असेल. पत्रिकेत 'कोकणच्या सागरी मार्गावरचा सायकल प्रवास' एवढंच छापलं गेलं, त्यामुळे मला दोन-तीन फोनही आले, की सर, टायर कुठला घ्यायचा ते जरूर सांगा. सांगतो, शेवटी. पण आधी मला एका शब्दाकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे. तो शब्द म्हणजे 'दुर्गम'. अलिबागपासून रेडीपर्यंतचा किनारा दुर्गम आहे, असं आपण वसईत बसून सहज म्हणतो. (आपणही कोकणातच बसलोय बरं का, उत्तर कोकणात, ते आपण विसरतो.) दुर्गम आहे हे खरं, पण कोणाला? आणि केव्हापासून?

सुरुवात लांबीपासून करू. महाराष्ट्राचा किनारा किती लांब? तुम्ही सगळे शाळेत ७२० किलोमीटर शिकलात. केंद्र सरकारच्या जुन्या तक्त्यात तो ६५२.६ होता आणि अलीकडच्या फेरमोजणीत ८७७.९७ झाला. आता मधल्या काळात कोकण काही लांबलेलं नाही. जुनी मोजणी १ ला ४५ लाख प्रमाणाच्या नकाशांवरून झाली होती, नवी १ ला अडीच लाख प्रमाणाच्या. नकाशा बारीक झाला आणि आधी सरळ रेषेखाली झाकलेली वळणं, खाड्यांची तोंडं मोजणीत आली. लुईस रिचर्डसन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाला असंच दिसलं होतं, की स्पेन आणि पोर्तुगाल आपल्या सामाईक सीमेची लांबी वेगवेगळी सांगतात, एक ९८७ आणि दुसरा १,२१४ किलोमीटर. पुढे १९६७ मध्ये मँडलब्रॉटने 'ब्रिटनचा किनारा किती लांब?' असा प्रश्न विचारून निबंधच लिहिला. उत्तर असं, की तुमची पट्टी केवढी आहे त्यावर ते अवलंबून!

सायकल ही अशीच एक पट्टी आहे, आणि ती फार बारीक आहे. नकाशात सागरी मार्ग समुद्राला लागून जातो, म्हणून नवीन माणसाला वाटतं रस्ता सपाट असणार. प्रत्यक्षात काय आहे? वर जांभ्या दगडाचा सडा, उघडा, सावली नाही, पाणी नाही. खाली खाडी. सड्यावरून घाटीने उतरायचं, नारळी-पोफळीच्या वाडीतून, देवळावरून, धक्क्यापर्यंत. पलीकडे गेलं की पुन्हा चढ. दिवसातून चार-पाच वेळा हेच. मोटारीत बसलेल्याला हे वळणावळणाचं वाटतं, चढाचं वाटत नाही, कारण चढाचा हिशोब पेट्रोल चुकतं करतं.

हा हिशोब एकदा करून बघू, सोपा आहे. माणूस, सायकल आणि सामान मिळून ९० किलो धरा. १०० मीटर वर न्यायचं, तर साधारण ८८ हजार ज्यूल काम होतं, म्हणजे २१ किलोकॅलरी. आपलं शरीर खाल्लेल्या अन्नातलं जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा पायडलपर्यंत पोचवतं. म्हणजे ८०-१०० किलोकॅलरी लागल्या, एक पोळी! आणि वेळ? बेताच्या ताकदीचा माणूस सलग १०० वॅट देऊ शकतो, म्हणजे पंधरा मिनिटं. तेवढ्या श्रमात आणि वेळात तो सपाटीवर पाचेक किलोमीटर गेला असता. तेव्हा कोकणात सायकलवाल्याने अंतर किलोमीटरच्या दगडावर वाचू नये. दर शंभर मीटर चढाला पाच किलोमीटर मिळवावेत. नकाशावरचे ६० किलोमीटर सहज ९० होतात.

आपल्याकडे वैशेषिकांनी हे फार पूर्वी वेगळ्या रीतीने मांडलंय. त्यांनी चोवीस गुण मानले. रूप, रस, गंध वगैरे. त्यातच परत्व आणि अपरत्व हे दोन, म्हणजे दूरपणा आणि जवळपणा. पण गंमत बघा, रूप जसं वस्तूत नुसतं असतं तसं परत्व नसतं. ते उत्पन्न व्हायला अपेक्षाबुद्धी लागते. म्हणजे कुणीतरी कुठेतरी उभा राहून, 'याच्यापेक्षा ते लांब' असं जोडून पाहणारा हवा. मी विद्यार्थ्यांना हे शिकवताना फळा आणि बाकं दाखवायचो, आणि त्यांना जांभया यायच्या. बागमांडल्याच्या धक्क्यावर मला वर्ग घेता आला असता तर बरं झालं असतं. समोर सावित्रीच्या खाडीपलीकडे वेसवी, रत्नागिरी जिल्हा. घरं दिसतात. फेरी बोट लागलेली असेल तर ते जवळ आहे. शेवटची फेरी सुटून गेली, की तेच वेसवी आत वळसा घालून थेट दुसऱ्या दिवशीचं गाव होतं. खाडी तेवढीच रुंद असते.

आता दुसरा प्रश्न, केव्हापासून? या किनाऱ्याच्या खाड्यांची तोंडं पाहत जा. बाणकोट, दाभोळच्या खाडीवर अंजनवेलचा गोपाळगड, जयगड, पूर्णगड, विजयदुर्ग. प्रत्येक तोंडावर किल्ला. आपल्याकडे वैतरणेच्या मुखाशी अर्नाळा आणि उल्हासच्या खाडीवर आपला वसईचा कोट. आडवाटेला कुणी एवढे किल्ले बांधत नाही. किल्ला दाराशी बांधतात. दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळात मोठं बंदर होतं, हजला जाणारे तिथून जहाजात बसत. मचवा, पडाव, गलबत यांतून जाणाऱ्याला खाडी हे घराचं दार होतं. पुढे वाफेच्या बोटी आल्या. मुंबईहून निघून त्या बंदरं घेत घेत खाली जायच्या, बोट बाहेर नांगर टाकायची आणि उतारू होडीतून किनाऱ्याला यायचे. पावसाळ्यात बंद. सुखाचा प्रवास नव्हता, 'बोट लागणं' हा शब्द उगाच आलेला नाही. पण मुंबईच्या गिरणीतला माणूस आणि त्याचं गाव यांच्यामध्ये सरळ वाट होती.

मग रहदारी जमिनीवर आली. महामार्ग आला, एसटी आली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. त्यांचं मोल मी कमी करणार नाही. पण महामार्ग आणि रेल्वे किनारा सोडून आतून गेली, बोटी बंद पडल्या, आणि जे दार होतं ती भिंत झाली. दाभोळहून गुहागर समोरासमोर. तरीही गाडीने जायचं तर चिपळूणला वळसा. म्हणजे ही दुर्गमता डोंगरांनी केलेली नाही, डोंगर आधीही होते. आपण वाहन बदललं म्हणून ती झाली. दाभोळ-धोपावे, आगरदांडा-दिघी, तवसाळ-जयगड या फेरी बोटी सुरू झाल्या तेव्हा त्या भिंतीला पुन्हा खिडक्या पडल्या एवढंच.

वसईकरांना हे वेगळं समजावायला नको. भाईंदर समोर दिसतं. रेल्वेला पूल आहे, रस्त्याला नाही. घोडबंदरकडून वर्सोवा पुलावरून जायचं तर अडतीसेक किलोमीटर. फेब्रुवारी २०२४ मध्ये रो-रो सुरू झाली आणि तेच पाव तासावर आलं. २०२५ मध्ये विरारच्या बाजूने वैतरणेपलीकडे सफाळ्याकडे जाणारी सुरू झाली. आता सकाळी सायकल घेऊन निघालेला माणूस तांदुळवाडीचा घाट चढून जेवायला घरी येऊ शकतो.

आता जरा कठीण भाग. रेवस-रेडी सागरी महामार्गाची चर्चा अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून ऐकतोय. आता मोठ्या खाड्यांवर पूल ठरलेत, काहींची कामं चालू आहेत. आमच्या सायकलवाल्या मित्रांत यावर हळहळ असते. फेरी बोट गेली, धक्क्यावरचा चहा गेला, शांतता गेली. मला ही हळहळ पटत नाही. रात्री शेवटची फेरी गेल्यावर ज्याच्या घरात बाळंतपण अडलंय, त्याची अडचण ही आपल्या सुट्टीची शोभा कशी होईल? तिथला माणूस त्या शांततेचं भाडं बारा महिने भरतो, आपण चार दिवस जातो आणि फोटो काढतो. पूल व्हायलाच हवेत.

पण पूल कोणासाठी, हे आत्ताच विचारायला हवं. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर दुचाकीला आणि पायी चालणाऱ्याला मज्जाव आहे. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवरही दुचाकी आणि सावकाश चालणारी वाहनं चालत नाहीत. तिथे वेगाचं कारण देतात, ते एकवेळ समजू. पण वेसवीची कोळीण टोपली घेऊन आज फेरी बोटीवर चालत चढते. शाळकरी मुलगा सायकल घेऊन चढतो. बोट कुणाला नको म्हणत नाही. पूल झाला आणि त्याच्या कडेला चालायला, सायकलला जागा नसली, आणि धंदा बसला म्हणून बोटही थांबली, तर मोटारवाल्याची भिंत पडेल आणि या दोघांसाठी ती नव्याने उभी राहील. रत्नागिरीजवळ भाट्याच्या पुलावरून लोक चालतात, सायकली जातात, तेव्हा हे अशक्य नाही. आराखड्यात दीड-दोन मीटर रुंदी आधी धरली तर धरली. पूल झाल्यावर ती जोडता येत नाही. आणि पूल झाला तरी निदान पहिली काही वर्षं बोट चालू राहावी, सरकारने तिला हात द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

हां, टायर. बारीक रेसिंगचा नको, ३२ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद घ्या. पुढचं छोटं चाक आणि मागचं मोठं दातेरी चाक असलेले गियर हवेत, नाहीतर घाटीत हातात धरून ढकलावी लागेल. ढकलण्यात कमीपणा नाही, पण दुसऱ्या दिवशी पोटऱ्या बोलतात. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका, आलटून पालटून मारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. जायचं उत्तरेकडून दक्षिणेला, कारण दुपारचा वारा बहुधा वायव्येचा असतो, तो पाठीशी मिळतो. सड्यावर चढण्याआधी खालच्या वाडीत पाणी भरून घ्या. आणि शेवटची फेरी किती वाजता, हे आदल्या धक्क्यावर विचारा, मोबाईलवर बघू नका.

आता प्रश्न घेऊ. मागे त्या ताईंचा हात मघापासून वर आहे, आधी त्या बोलतील.