औषध संपल्यावर व्यायाम कशाला?



आपल्या सेवाकार्याला हातभार लावणाऱ्या मंडळींकडून मला एक प्रश्न वारंवार येतो. कुष्ठरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, सहा महिन्यांत किंवा वर्षभरात ते पूर्णही होते. मग त्यानंतर चपला, तेल आणि व्यायाम यांवर आपण खर्च का करतो? प्रश्न रास्त आहे. मी पिपरी मेघे येथे राहून फिजिओथेरपीचे काम करते, म्हणून उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

आधी निरोगी शरीराकडे पाहू. स्नायू कितीही भरदार असला तरी आपल्या मनाने हलत नाही. कबड्डीत चढाई करणारी मुलगी पाय मागे खेचते, तेव्हा मेंदूतून निघालेली आज्ञा मज्जारज्जूतून आणि पुढे मज्जातंतूतून पायाच्या स्नायूपर्यंत जाते. सर्वांत वेगवान तंतूंमधून हा निरोप सेकंदाला सुमारे 100 मीटर वेगाने धावतो. तंतूच्या टोकाशी एक रसायन सुटते आणि स्नायू आकसतो. त्याच वेळी उलट दिशेनेही निरोप येत असतात: पाय कुठे टेकला, माती तापली आहे का, काटा रुतला का.

सरावाने हीच वाट मोकळी होते. मुले नवा व्यायाम सुरू करतात, तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते. पण दंड मोजला तर जवळजवळ तेवढाच भरतो. कारण आधी मज्जासंस्था शिकते, एका वेळी जास्त स्नायूतंतू कामाला लावते. स्नायू भरतो तो नंतर. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी गावच्या कविता राऊत यांनी 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. अशा पदकामागे छाती आणि पाय तर असतातच, पण हजारो वेळा गिरवलेले एकेक पाऊलही असते.

आता कुष्ठरोगाकडे येऊ. त्याच्या जंतूला शरीराचे थंड भाग मानवतात. म्हणून कातडीजवळून जाणाऱ्या मज्जातंतूंवर तो घाला घालतो. कोपराला ठोकर लागली की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, तो तंतू त्यांपैकीच एक. तो निकामी झाला की करंगळी आणि शेजारचे बोट वाकडे होते. गुडघ्याजवळचा तंतू गेला की पाऊल वर उचलत नाही. या माणसाचा स्नायू मुळात आजारी नसतो. त्याला आज्ञाच मिळत नाही. आज्ञेविना पडून राहिलेला स्नायू मग वाळत जातो.

परतीचा निरोपही तुटतो. पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही, चुलीवरचे भांडे हात भाजते तरी हात मागे येत नाही. संत पौलाने मंडळीला देहाची आणि अवयवांची उपमा दिली आहे. इथे पाय रक्तबंबाळ असतो आणि मस्तकाला त्याची वार्ताच नसते.

या रोगात बोटे आपोआप झडतात असा समज होता. तो खोडून काढण्यात डॉ. पॉल ब्रँड यांचा मोठा वाटा आहे. तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात, तेथील लोकांत सेवा करणाऱ्या मिशनरी दांपत्याच्या पोटी ते 1914 साली जन्मले आणि 1946 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. बोटांचा नाश होतो तो न कळलेल्या जखमांनी, भाजण्याने आणि त्यात होणाऱ्या संसर्गाने, हे त्यांनी दाखवले. चांगल्या स्नायूचा कंडरा वळवून तो वाकड्या बोटांना जोडण्याची शस्त्रक्रियाही त्यांनी विकसित केली. पण शस्त्रक्रियेने काम संपत नाही. पूर्वी एक काम करणाऱ्या स्नायूला आता दुसरे काम करायचे असते, आणि मेंदूला ती आज्ञा नव्याने शिकावी लागते. म्हणजे रुग्णाचा सराव खेळाडूसारखाच असतो: थोडा, रोज, न कंटाळता.

हेच तुमच्या प्रश्नाचे उत्तर. औषधाने जंतू मरतात. तुटलेला निरोप त्याने जोडला जातोच असे नाही. म्हणून पाय रोज पाण्यात भिजवून तेल लावणे, रात्री तळवे डोळ्यांनी तपासणे, मऊ तळाची एमसीआर चप्पल वापरणे आणि सांधे आखडू नयेत म्हणून बोटांचा व्यायाम करणे, हे सारे उपचारच आहेत.

आपला वर्धा जिल्हा या सेवेत जुना आहे. दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी 1936 मध्ये कुष्ठसेवा सुरू केली, आणि 1951 मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभे राहिले. तरीही गोंड वस्तीवर किंवा कोलाम पोडावर आजही एखादी आई मुलीच्या पाठीवरचा चट्टा लपवते, कारण सोयरीक मोडेल ही भीती. त्या लपवण्याची किंमत मुलीचा हात मोजतो. मज्जातंतूची कमजोरी सहा महिन्यांच्या आतली असेल, तर योग्य औषधाने ती भरून येण्याची आशा असते. जितका उशीर, तितकी आशा कमी.

म्हणून वस्तीवर कपडे किंवा धान्य घेऊन जाल, तेव्हा जरा थांबा. स्पर्श न कळणारा फिकट किंवा लालसर चट्टा, हातातून निसटणारी वस्तू, फरफटणारे पाऊल दिसले, तर त्या व्यक्तीशी एकांतात बोला आणि तिला स्वतः सोबत घेऊन आरोग्य केंद्रात जा. औषध सुरू झाले की रोग पसरण्याचे भय लवकरच ओसरते, हेही घरच्यांना सांगा.

आणि ज्यांची बोटे आज नवी आज्ञा शिकत आहेत, त्यांची आपल्या प्रार्थनेत आठवण ठेवा.