विषाणूची पोथी

अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात खर्डा नावाचे गाव आहे. मराठे आणि निजाम यांच्यात १७९५ साली झालेल्या लढाईमुळे या गावाचे नाव इतिहासात गेले. तेथील किल्लाही आज उभा आहे. परंतु या मुलखाची आणखी एक ओळख आहे. येथे पाऊस बेताचाच पडतो आणि पाण्याला जपावे लागते. रांजण, पिंप, हौद, गच्चीवरील टाकी, जेथे म्हणून पाणी साठवता येईल तेथे ते साठवून ठेवले जाते. यात वावगे काहीच नाही. मात्र या स्वच्छ, साठवलेल्या पाण्यावर माणसाप्रमाणेच आणखी एका जीवाचा डोळा असतो. तो जीव म्हणजे अंगावर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा एडिस जातीचा डास. त्याची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या बाजूस अंडी चिकटवते. ही अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. म्हणूनच पिंपातील पाणी नुसते ओतून देऊन भागत नाही, ते आतून घासावे लागते.

हाच डास डेंग्यूचा विषाणू एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो. या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा ताप येऊन गेला, की त्या प्रकारापासून माणसास बहुधा जन्मभर संरक्षण मिळते. परंतु पुढे दुसऱ्या प्रकाराने गाठले, तर आजार अधिक गंभीर होण्याचा संभव असतो. पहिल्या वेळी रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे या दुसऱ्या प्रकारास पुरते नामोहरम करू शकत नाहीत. उलट कधीकधी त्याला शरीराच्या पेशींत शिरण्यास साहाय्यच करतात. यावरून तुमच्या ध्यानात येईल, की एखाद्या भागात आजवर कोणत्या प्रकाराची साथ होती आणि यंदा कोणता प्रकार आला आहे, हे वेळेवर समजणे किती महत्त्वाचे आहे. विषाणू तर साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. आणि चारही प्रकारांचे रूप बाहेरून जवळजवळ सारखेच! मग त्यांना ओळखावे कसे?

प्रत्येक विषाणूच्या पोटात एक लांबलचक मजकूर असतो. त्याला जनुकसंहिता म्हणतात. डेंग्यूच्या विषाणूचा हा मजकूर सुमारे १०,७०० अक्षरांचा असून तो केवळ चार अक्षरांत लिहिलेला आहे: ए, सी, जी आणि यू. यंत्राने वाचण्यापूर्वी या मजकुराची डीएनए स्वरूपातील नक्कल करावी लागते, म्हणून संगणकावर 'यू'च्या जागी 'टी' लिहिलेला आढळतो. या मजकुरात शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, विरामचिन्हे नाहीत. एका ओळीत सारी अक्षरे.

आपल्या जुन्या पोथ्याही अशाच सलग लिहिलेल्या असत, आणि येथे पोथीचीच उपमा योग्य ठरेल. याच जिल्ह्यातील नेवासे येथे १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. छापखाने नव्हते तेव्हा भाविकांनी तिच्या हाताने नकला केल्या, नकलांवरून नकला केल्या, आणि प्रत्येक नकलेत एखादे अक्षर गळाले, एखादे बदलले, एखादे नव्याने शिरले. अखेरीस १५८४ साली एकनाथमहाराजांनी अनेक प्रती जमवून, त्या ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली. विषाणूही रुग्णाच्या शरीरात आपल्या मजकुराच्या असंख्य नकला करतो, आणि हा नकलनवीस फारच धांदरट आहे. लिहिलेले पुन्हा तपासून पाहण्याची सोय त्याच्यापाशी नाही. त्यामुळे चुका होतात, आणि त्या पुढील प्रतींत उतरतात. दोन पोथ्यांत एकाच जागी एकच चूक आढळली, की त्या एका मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात असे पंडित अनुमान करतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती हजाराहून अधिक हस्तलिखितांची अशीच कुळी लावून. विषाणूंची कुळीही याच रीतीने लावता येते. फरक इतकाच, की येथे पंडिताच्या जागी संगणकाची आज्ञावली बसते.

आता या आज्ञावल्यांचे काम पाहू. रुग्णाच्या रक्तातून मिळालेला मजकूर यंत्रास सहसा सलग वाचता येत नाही. पुष्कळ यंत्रे शंभर-दीडशे अक्षरांचे लक्षावधी तुकडे वाचून देतात. फाटलेल्या पोथीचे कपटे जुन्या प्रतीवर ठेवून जागेवर लावावेत, तसे हे तुकडे ओळखीच्या एका संहितेवर बसवावे लागतात. 'बीडब्ल्यूए' नावाची २००९ साली प्रसिद्ध झालेली आज्ञावली हे काम करते. प्रत्येक जागेवर अनेक तुकडे एकावर एक येतात. त्यांतील बहुतेकांत जे अक्षर असेल ते खरे मानले जाते.

अशा रीतीने पूर्ण मजकूर हाती आला, म्हणजे तो इतर विषाणूंच्या मजकुरांशी ताडून पाहावयाचा. दोन ओळी एकाखाली एक मांडाव्या, हा सरळ मार्ग. परंतु 'म रा ठी शा ळा' या ओळीखाली 'म ठी शा ळा' अशी ओळ आली, तर 'म' खेरीज एकही अक्षर जुळणार नाही! 'रा'ची जागा मोकळी सोडली, की पुढील सारे जुळते. ही मोकळी जागा नेमकी कोठे सोडावी, ते शोधण्याची पद्धतशीर रीत नीडलमन आणि वुन्श या दोन संशोधकांनी १९७० साली सांगितली. या कामास पंक्तिजुळणी म्हणतात. दोन ओळींसाठी ते सोपे आहे. शेकडो विषाणूंच्या दहा-दहा हजार अक्षरांसाठी मात्र ते जिकिरीचे होते. शिवाय दूरच्या नात्यातील मजकुरांत मोकळी जागा येथे सोडावी की तेथे, याविषयी संशय उरतो.

पंक्ती जुळवल्यावाचून नाते ओळखता येणार नाही काय? या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर पुण्यातच मिळाले. सध्याच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील पांडुरंग कोलेकर, मोहन काळे आणि ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी ते २०१२ साली प्रसिद्ध केले.

त्यापूर्वी काही पद्धतींत अक्षरे नुसती मोजली जात: अमुक अक्षर किती वेळा आले, अमुक जोडी किती वेळा आली. पण 'कविता' आणि 'विकता' या शब्दांत तीच तीन अक्षरे आहेत, तरी कविता करणारा आणि भाजी विकणारा एक नव्हे! क्रमाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. पुण्याच्या संशोधकांनी अक्षरांच्या संख्येऐवजी त्यांचा परतीचा काळ मोजला. एकादशी साधारण पंधरा दिवसांनी परत येते, पोळा वर्षाने. त्याचप्रमाणे एखादे अक्षर एकदा आल्यावर पुन्हा कितव्या पावलावर येते, हे पाहावयाचे. 'क क ख ख' आणि 'क ख क ख' या दोन्ही ओळींत 'क' दोनदाच आहे. परंतु पहिल्या ओळीत तो लगेच पुढच्या पावलावर परततो, दुसऱ्या ओळीत दोन पावलांनी. संख्या सारखी, परतीचा काळ निराळा.

संबंध संहितेतील अशी सारी अंतरे मांडली, की त्यांची सरासरी काढता येते. पण एकटी सरासरी फसवी असते. आठवड्याचा बाजार नेमाने सातव्या दिवशी भरतो. पाऊस एकदा दोन दिवसांनी येईल, तर एकदा बारा दिवसांनी. त्याचीही सरासरी सातच! तेव्हा अंतरे सरासरीभोवती किती विखुरली आहेत, हेही मोजावे लागते. मग हाच हिशेब दोन-दोन, तीन-तीन अक्षरांच्या गटांसाठी करावयाचा. चार अक्षरांपासून दोन-दोनांचे १६ आणि तीन-तीनांचे ६४ गट होतात, हे तुम्ही स्वतः करून पाहू शकाल. शेवटी प्रत्येक विषाणूच्या नावापुढे आकड्यांची एक यादी तयार होते. दोन याद्या जितक्या जवळच्या, तितके त्या विषाणूंचे नाते जवळचे. या अंतरांवरून वंशवृक्ष काढता येतो.

संशोधकांनी ही रीत डेंग्यू ज्या कुळातील आहे त्या संपूर्ण कुळावर लावून पाहिली. पीतज्वर आणि जपानी मेंदूज्वर यांचे विषाणू याच कुळातले. दूरची नाती आणि जवळची नाती, दोन्ही तिने ओळखली. डेंग्यूचे चार प्रकार तर वेगळे केलेच, पण त्या प्रकारांतील उपप्रकारही निवडून दाखवले. एकच तिखट सुरी लाकूडही कापते आणि लोणीही, असे क्वचितच आढळते.

या रीतीस मर्यादा आहे. दोन विषाणू किती दूर आहेत ते ती सांगते. नेमके कोणते अक्षर कोठे बदलले, ते सांगत नाही. तो बदल शोधावयाचा असेल, लस त्या बदललेल्या विषाणूवर चालेल की नाही हे पाहावयाचे असेल, तर पुन्हा पंक्तिजुळणीकडेच वळावे लागते. तसेच, खर्ड्यासारख्या गावातील रुग्णाला औषधोपचार करण्यासाठी त्याच्या रक्तातील विषाणूची पोथी वाचावी लागत नाही; ताप डेंग्यूचा आहे की नाही, हे रक्ताच्या साध्या चाचणीवरूनही कळू शकते. पोथी वाचली जाते ती निवडक नमुन्यांची, आणि तीही मोठ्या प्रयोगशाळांत. अशी एक प्रयोगशाळा म्हणजे पुण्यातील राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था. तिची स्थापना १९५२ साली झाली. अशा प्रयोगशाळांत वाचलेला मजकूर जेव्हा पूर्वीच्या मजकुरांशेजारी ठेवला जातो, तेव्हाच समजते, की यंदाचा पाहुणा गेल्या वर्षीचाच आहे की कोणी नवखा.